आमच्याकडे बायका घरात बसल्या होत्या कधी?

अंबाडीची_भाजी

गेल्या आठवड्यात सोलापुरात एका सत्काराच्या कार्यक्रमात भाषण ऐकलं. वक्ते बाहेरगावचे. आज्या चूल आणि मूल यात अडकल्या, आया शिकल्या, लेकी कमावत्या झाल्या, असा तीन पायऱ्यांचा जिना त्यांनी झोकात चढून दाखवला. टाळ्याही पडल्या. शेजारी माझी मावशी बसली होती, जन्म साखर पेठेतला. ती म्हणाली, "आमची अम्मा अडकली कधी? तिला बसायला तरी कुठं वेळ होता?"

तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून धागा काढतेय.

आमचं पद्मशाली घर, म्हणजे तेलुगू विणकरांचं. पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले. इथे १८७७ साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी निघाली, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या मिल. आजोबा मिलमध्ये लागले आणि आजी लहानपणापासून विड्या वळायची. ज्यांनी ते काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रात्री तेंदूची पानं भिजत घालायची. पहाटे पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची. मग मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि बोटं चालू. वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मोडायचं. पंचवीस विड्यांचा कट्टा. हजार विड्यांवर मजुरी. हजार भरायला उजेडापासून अंधारापर्यंत बसायला लागतं, आणि मध्ये स्वयंपाक, पोरं, धुणं असतंच. सकाळी कारखान्यात माल द्यायला जायचं, तिथे तपासणारा मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला टाकणार. त्याचे पैसे नाहीत आणि त्या विड्या परतही मिळत नाहीत.

आणि आजोबांना कुणी विचारलं, "बायको काय करते?" तर उत्तर ठरलेलं: "घरीच असते."

म्हणजे आमच्या गल्लीत बाई कमावती झाली ती माझ्या पिढीत नाही. ती कमावतीच होती. मिल संपात असली की घर विडीवर चालायचं. मुलगी बघायला आले की रंग-उंची नंतर, आधी "हात कसा चालतो?" हे विचारायचे. नावावर विडी कारखान्याचं कामगार कार्ड असलं तर स्थळ चांगलं मिळायचं.

म्हणून "बाईनं कमवलं की तिला घरात किंमत येते" हे वाक्य ऐकलं की मी गप्प बसते. आजीनं हयातभर कमवलं. पैसे सासूच्या हातात, सासू गेल्यावर नवऱ्याच्या हातात. साडी घ्यायची तर दुकानात सोबत आजोबा, रंग पसंत करणार आजोबा. मांडीवर सूप होतं म्हणून तिला कुणी भाकरी करून वाढली, असं एकदाही झालं नाही.

मग बदललं कधी? माझ्या मते आमच्या घरात खरा बदल २००६ साली झाला. सोलापूरजवळ कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना १०,००० घरं मिळाली, त्यात एक मावशीचं. कामगार नेते आडम मास्तरांच्या मोर्च्यांना ती किती वर्षं जात होती, देव जाणे. घर तिच्या नावावर. तोवर भांडण झालं की मावसकाका म्हणायचे, "निघ माझ्या घरातनं." चावी हातात आल्यावर ते वाक्य बंद झालं. दारू नाही बंद झाली, हेही सांगते. पण ते वाक्य परत कुणी ऐकलं नाही.

तुमच्याकडे काय झालं? कमाईनं बदललं, शिक्षणानं, नावानं की आणखी कशानं? आणि पुरुषांनी काय सोडलं, काय नवीन धरलं? "एकत्र कुटुंबात किती माया होती" एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतं.

बे_एके_बे

एक नंबर बे. आमच्या अव्वाचं हेच. रेशनकार्डावर तिच्यापुढे लिहिलेलं "घरकाम", आणि घरातली तीन पोरं तिच्या कडक भाकऱ्यांवर शिकली. ज्वारीची पातळ भाकरी थापून, भाजून, वाळवायची, हॉटेलांना द्यायची. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आम्हाला झोपायला जागा नसायची, सगळीकडे भाकऱ्या वाळत घातलेल्या.

आता त्याच गल्लीत बचत गट तेच करतात, पॅक होऊन पुण्याला जातं, वरून "महिला उद्योजिका" म्हणून शाल-श्रीफळ. चांगलंच आहे. फक्त आमच्या गटाच्या पाकिटावर फोटो भावजींचा आहे, ते जाऊ दे.

सांगोल्याचा_पाटील

सोलापूर म्हणजे नुसता शहरातला तेलुगू वस्तीचा पूर्व भाग नाही, जिल्हा मोठा आहे. पण धागाकर्तीचा मुद्दा शेतीवाल्यांनाही लागू होतो, उलट बाजूनं.

माझी आई ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायला गेली. पाटलाची सून, डोक्यावर पदर, हातात हातोडी. तेव्हा कुणी घराण्याची अब्रू काढली नाही, कारण सगळ्याच घरांतल्या बायका तिथे होत्या. पुढे ज्वारीची काढणी, खुरपणी सगळं आईनं केलं. मग डाळिंब आलं, पैसा आला, आणि माझी बायको शेतात गेली नाही. जायला तयार होती. मीच नको म्हणालो, आणि आईसुद्धा म्हणाली, "आता आपल्याला काय कमी आहे?" रोजानं बाया लावल्या. म्हणजे बाईला घरात बसवणं हा आमच्याकडचा नवा प्रकार आहे. पैसा आल्याची खूण म्हणून आला. मुलगी आता कोल्हापूरला शिकते, ती काय करेल ती करेल.

पण एकत्र कुटुंबाला एका वाक्यात उडवून लावू नका. आमचं बावीस माणसांचं घर होतं. दुष्काळात तगलो ते त्यामुळेच. एकाला काम नसलं तर दुसऱ्याच्या ताटातलं मिळायचं. म्हातारं माणूस आजारी पडलं तर "बघणार कोण?" हा प्रश्नच नव्हता. आता प्रत्येक जण आपल्या नावावर काय आहे ते बघतो आणि म्हातारी एकटी पडते.

मेनकोडलु

पाटीलसाहेब, प्रश्न होता. फक्त ज्या सुनेनं बघायचं तिला तो कुणी विचारला नव्हता.

माझी गोष्ट सांगते, कारण पुण्या-मुंबईचे वाचक दचकतात. माझं लग्न माझ्या सख्ख्या मेनमामाशी झालं. मराठी घरांत मामाची मुलगी चालते, खुद्द मामा चालत नाही. तेलुगू आणि कानडी घरांत मात्र हा जुना रिवाज, सोलापुरात तर अशी जोडपी सर्रास सापडतील. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात असं नातं निषिद्ध आहे, पण रूढी असेल तर सूट आहे.

याचा अर्थ असा की माझी सासू म्हणजे माझी अम्मम्मा, आईची आई. तिनं मला न्हाऊ-माखू घातलेलं. सासुरवास म्हणजे काय ते मला खरंच माहीत नाही. आजारी पडले तर सासू माझे पाय चेपायची, आणि शेजारणी बघत राहायच्या. ही एक बाजू.

दुसरी अशी की रुसून जायला जागा नाही. नवऱ्याची तक्रार आईकडे करायची तर आई त्याची अक्का. लहानपणापासून तिनंच त्याला कडेवर घेऊन फिरवलेलं. ती म्हणणार, "तो असाच आहे, मला माहितीय." विषय संपला. माहेर-सासर एकच असलं की बाईला माया मिळते, बाजू घेणारं कुणी मिळत नाही.

माझ्या मुलीच्या वेळी आम्ही हा विषयच काढला नाही. डॉक्टर जवळच्या नात्यातलं लग्न नको म्हणतात, ते एक कारण. पण दुसरं कारण जास्त साधं आहे: माझ्या मुलीला मामाच नाही. मी एकटी. तिला भाऊ नाही, म्हणजे तिच्या मुलांनाही मामा नसणार, आणि भाऊच नाही म्हटल्यावर तिला कुणी आत्याही म्हणणार नाही. एकत्र कुटुंब मोडलं असं सगळे म्हणतात. पण एकेक मूल असलेल्या घरांत एकत्र करायला माणसं आणणार कुठून?

अंबाडीची_भाजी

@मेनकोडलु, "बाजू घेणारं कुणी मिळत नाही" हे फार खरं लिहिलंत. आमच्या घरात अशी दोन लग्नं झाली. दोन्हींत मोठं भांडण कधी झालंच नाही, आणि मी लहानपणी समजायचे की सगळं सुखात आहे.

अक्कलकोट_रोड

पुरुषांबद्दल कुणीच लिहीना म्हणून लिहितो.

माझे वडील यंत्रमागावर. टॉवेलचा कारखाना, आठवड्याला पगार. कारखाना बंद झाला तेव्हा वय पन्नाशीकडे झुकलेलं. त्या वयाच्या मागवाल्याला दुसरं काम कोण देतंय? वॉचमनकीला हात पुढे केला, ती पण तरण्या पोरांनी घेतली. मग घर आईच्या विड्यांवर.

सुरुवातीला नायना (वडिलांना आम्ही नायना म्हणतो) चौकात जाऊन बसायचे. सकाळी डबा घेऊन निघायचे, कामावर गेल्यासारखे, आणि संध्याकाळी परत. डबा आई भरून द्यायची, तिला माहीत होतं. पुढे चौकात बसणारेही पांगले. मग ते घरात बसायला लागले आणि हळूहळू आईच्या कामात हात घालायला लागले. आधी पानं पुसून द्यायचे, मग दोरा बांधायचे, मग कट्टे. शेवटी आईपेक्षा त्यांच्या विड्या सारख्या यायच्या, मागवाल्याचा हात होता ना. पण दार लोटून. कुणी हाक मारली की सूप आईकडे सरकवून पेपर उघडायचे. काम करायला त्यांची ना नव्हती, कुणी बघू नये एवढंच.

कार्ड आईच्या नावावर, हजेरी आईची, पीएफ आईचा. त्यांनी वळलेल्या विड्या कुठेच नोंदलेल्या नाहीत. आज्यांचं काम कसं "घरीच असते" मध्ये जायचं, तसंच त्यांचंही गेलं.

मी स्वतः उघड्या दारात पोळ्या लाटतो. गल्लीतली पोरं "काय वैनी, झाला का स्वयंपाक?" म्हणून चिडवतात. बायको नर्स आहे, तिची रात्रपाळी असली की दुसरा इलाज नाही. मोठा विचार वगैरे करून काही केलेलं नाही.

अवांतर: सोलापुरात एक घरकाम आहे ज्यात सगळे पुरुष उतरतात, ते म्हणजे पाणी. काही दिवसांआड नळ येणार, तोही अवेळी, मग अख्खं घर उठतं. त्यात मोटार लावायची असते, पाइप ओढायचा असतो, शेजाऱ्याशी भांडायचं असतं. यंत्र आणि भांडण असलं की ते काम आपोआप पुरुषाचं होतं. पोळीला मोटार असती तर आपण सगळे लाटत बसलो असतो.

बे_एके_बे

शेवटच्या वाक्याला दंडवत बे.

आकडेमोड

भावनेच्या धाग्यावर आकडे आणतो म्हणून माफी नाही मागणार. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं देशभराचं वेळवापर सर्वेक्षण आहे, २०१९ चं आणि २०२४ चं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका २०१९ साली त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. पाच वर्षांनी बायकांची २८९ झाली. पुरुषांची वाढली असेल असं वाटेल. ती ८८ झाली.

बे_एके_बे

८८ मिनिटं? दीड तास? कोण आहे तो, आमच्या गल्लीत तर नाही.

आकडेमोड

तीच गंमत आहे. ही सरासरी फक्त जे करतात त्यांची. शंभरात साधारण सव्वीस-सत्तावीस पुरुषच घरकामात हात घालतात, बाकीच्यांचा आकडा शून्य. बायकांत हेच प्रमाण ८० च्या वर आहे. त्यामुळे अक्कलकोट_रोड यांच्या वडिलांसारखे पुरुष आहेतच, पण थोडे. आणि दार लोटून करणारे सर्वेक्षणवाल्याला खरं सांगतील का, हा प्रश्न उरतोच.

हुतात्मा_एक्सप्रेस

मी पुण्यात आयटीत, बायकोही. तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त. वाकडला घर. सकाळचा डबा मी करतो, संध्याकाळचं ती, भांडी-केरफरशीला बाई. यात कुणाला काही विशेष वाटत नाही, कारण आमच्या मजल्यावर सगळी तशीच घरं आहेत.

पण शुक्रवारी गाडी पकडून सोलापूरला आलो की मी दुसरा माणूस. उठून ताट ठेवायला गेलो तर आई हात धरते. "राहू दे, आम्ही आहोत की." बायको मात्र तशीच्या तशी स्वयंपाकघरात. पुण्याची टीम लीड इथे कांदा चिरते आणि मी सोफ्यावर. मी आईशी वाद घातला तर ती बायकोवर चिडते की हिनं शिकवलं. म्हणून बायकोच म्हणते, "दोन दिवस बस गप्प, माझ्या डोक्याला ताप नको." धागाकर्ती विचारतात काय बदललं. आमचं उत्तर, पत्त्यावर अवलंबून आहे.

आणखी एक. मुलगी झाली तेव्हा बायकोला २६ आठवडे पगारी रजा मिळाली, मला कंपनीनं जेमतेम काही दिवस दिले. ती रजा संपल्यावर आई पुण्याला आली. अजून पुण्यातच आहे, सुट्टीला आमच्याबरोबर सोलापूरला येते तेवढीच. बाबा सोलापुरात एकटे, जुळे सोलापूरच्या घरी. पोळी-भाकरी केंद्रातून दोन भाकऱ्या आणि भाजी आणतात. दोघं फोनवर बोलतात. आम्ही एकत्र कुटुंबही नाही आणि विभक्तही नाही. पाटील म्हणतात म्हातारी एकटी पडते. आमच्याकडे म्हातारा एकटा पडलाय, आणि त्याला कारण मी आहे हेही मला दिसतं. उपाय सुचत नाही. पाळणाघर आईला पटत नाही.

निवृत्त_बाई

अहो हुतात्मा, तुमच्या आईला पाळणाघर पटत नाही असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही त्यांना विचारलं का, की पुण्यात राहणं पटतंय का?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, मग सोलापूरला. माझं वय सत्तरीला टेकलंय. आमचं लिंगायत घर, सासरी किराणा दुकान. मी नोकरी केली म्हणून सासऱ्यांनी आधी नाकं मुरडली, मग पहिल्या पगाराचं दुकानाला नवीन कपाट घेतलं. पहाटे चारला उठून सगळ्यांचा स्वयंपाक, सोवळ्याचं लिंगपूजेचं सगळं, मग एसटी. सोवळं माझ्यासाठी थांबलं नाही आणि एसटीही थांबली नाही. वर्गात मुलांच्या हजेरीपटावर वडिलांचं नाव लिहिताना कधी डोक्यात आलं नाही की आईचं का नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव येणार हा शासनाचा निर्णय वाचला तेव्हा मला माझ्या पटावरच्या किती तरी आया आठवल्या ज्यांची नावं मला कधी कळलीच नाहीत. दाखला काढायला वडील यायचे, भांडण मिटवायला वडील यायचे, आणि मुलाला ताप आला की आई यायची. तिला सगळे "अमक्याची आई" म्हणायचो, मीसुद्धा.

आता माझा मुलगा हैदराबादला आहे. त्याचाही फोन आला होता, "आई, सहा महिने येशील ना?" मी म्हटलं, येते, पण माझ्या अटी आहेत. दुपारी दोन ते पाच मी कुणाची नाही. स्वयंपाकाला बाई लावायची. आणि तुझ्या बाबांचं तिकीट पण काढ, कारण मूल सांभाळायला आजोबाही चालतात. मुलगा हसला. सूनबाईंनी लगेच तिकीट काढलं. हे आजोबा आता लंगोट बदलतात, स्वतःच्या दोन मुलांचे कधी बदलले नव्हते. मी त्यांना मुद्दाम शिकवलं नाही, फक्त दोन ते पाच दार लावून झोपले.

तुमचे बाबा भाकरी केंद्रातून भाकऱ्या आणतात ही चांगलीच गोष्ट आहे. ते पुण्याला का येत नाहीत, हे कुणी विचारलंय का?

हुतात्मा_एक्सप्रेस

काकू, बाबांना घर सोडवत नाही असं आईच म्हणते. त्यांना थेट विचारलेलं नाही, खरंय.

सांगोल्याचा_पाटील

बाईंनी हसवलं. पण माझा मुद्दा तिथेच आहे. हे सगळं दोघांचे पगार आणि हैदराबादचं तिकीट परवडणाऱ्यांचं झालं. गावाकडे म्हातारा-म्हातारी असतात, पोरगा चाकणला कंपनीत, सून त्याच्याबरोबर, आणि शेताला माणूस नाही. विभक्त कुटुंब आम्ही निवडलं नाही, कामानं तोडलं. "नावावर" वगैरे बोलून यातलं काय सुटणार?

वकीलबुवा

नावावरून थोडं स्पष्ट करतो, कारण बरेच गैरसमज आहेत.

पहिलं, विडीचं. घरी बसून विडी वळणारी बाई "घरीच असते" असं आजोबांनी म्हटलं तरी कायदा तसं म्हणत नाही. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यातही घरी काम करणारे येत होते (तो कायदा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झाला), आणि त्यांना भविष्यनिर्वाह निधी लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट केलं. किमान पेन्शन १,००० रुपये आहे, आणि पूर्व भागात ती घेणाऱ्या आज्या तुम्हाला बँकेच्या रांगेत दिसतील. रक्कम फार नाही. पण माझ्या एका अशिलाची आजी सांगते, "हे पैसे कुणाला विचारून येत नाहीत."

दुसरं, जमीन. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हिस्सा महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. वडील त्या तारखेला हयात हवेत की नकोत, यावर कोर्टांत घोळ होता, तो २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिटवला: हयात असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेलं रीतसर वाटप मात्र उघडता येत नाही.

आता व्यवहारात काय होतं? वडील वारले की तलाठ्याकडे वारसनोंद होते, बहिणींची नावं सातबाऱ्यावर चढतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बहिणी दुय्यम निबंधक कार्यालयात येऊन हक्कसोडपत्रावर सही करतात. मी अशी कागदपत्रं पुष्कळ केली आहेत. प्रत्येकात "राजीखुशीने, कुणाच्याही दबावाविना" हे वाक्य असतं.

सांगोल्याचा_पाटील

माझ्या दोन्ही बहिणींनी राजीखुशीनंच सोडलं. मी मागितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दादा, आम्हाला माहेर पाहिजे, जमीन नको." दर दिवाळीला येतात, साडीचोळी, डाळिंबाच्या पेट्या, पोरांच्या लग्नात आहेर. माझ्याकडून काही कमी नाही.

मेनकोडलु

माहेर आणि जमीन यातलं एकच मिळेल, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

सांगोल्याचा_पाटील

कुणी नाही. आमच्यात तसंच असतं.

अंबाडीची_भाजी

पाटील, चिडू नका, पण तुमच्याच पहिल्या प्रतिसादातलं विचारते. ७२ साली आईबरोबर खडी फोडायला कोण होतं? बहिणी होत्या का?

सांगोल्याचा_पाटील

थोरली होती. तिची शाळा त्याच साली सुटली. मी लहान होतो, मला शाळेत पाठवलं.

ती पुढे कधी गेली नाही शाळेत.

निवृत्त_बाई

पाटील, तुमच्या थोरल्या बहिणीचं नाव काय असेल ते इथे लिहू नका, पण त्यांना हा धागा वाचून दाखवा. फोनवर वाचा हवं तर.

अक्कलकोट_रोड

इतकं पण टोचू नका पाटलांना. माणूस निदान उत्तर देतोय. आमच्याकडचे भाऊ अशा धाग्यावर फिरकत पण नाहीत.

सांगोल्याचा_पाटील

टोचलं वगैरे काही नाही. बहिणीला जमीन द्यायला माझी हरकत नाही, पण डाळिंबाचं रान तुकडे करून चालत नाही, पाणी एकाच विहिरीचं आहे. भावकीत बोभाटा होईल तो वेगळाच. मुलीनं मात्र मागे एकदा विचारलं होतं, "बाबा, आत्यांनी सोडलं म्हणजे मी पण सोडायचं का?" मी तिला म्हटलं तुझं वेगळं आहे. कसं वेगळं, ते मला तेव्हा सांगता आलं नाही.

वकीलबुवा, एक विचारतो. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करता येतं का? आणि समजा थोरलीला रान न देता गावातलं घर आणि रस्त्याकडची जागा द्यायची म्हटली, तर काय करावं लागतं?

वकीलबुवा

रीतसर नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि इथे तुम्हीच द्यायला तयार आहात म्हटल्यावर त्या वाटेला जायचं कारण नाही. तुमच्या नावावर जे आहे त्यातलं बक्षीसपत्र करता येतं. बायको, मुलं, नातवंडांना घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर २०० रुपये मुद्रांक शुल्क लागतं. बहिणीला ती सवलत नाही, तिच्यासाठी शुल्क जास्त पडेल. किती ते मिळकतीच्या मूल्यांकनावर ठरेल. येताना घराचा उतारा, रस्त्याकडच्या जागेचा सातबारा आणि फेरफार घेऊन या. जागा अजून सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचीही संमती लागेल.

आणि पाटील, कागद करायच्या आधी बहिणीला विचारा तिला घर हवं की जागा. नाहीतर साडीचा रंग तुम्हीच पसंत केल्यासारखं होईल.

सांगोल्याचा_पाटील

ती घर नको म्हणेल. विहिरीकडचंच रान मागेल, मला माहितीय. बघतो.